बांधाबाहेरची माती

पदवी मिळाल्यावर पुढे काय, या प्रश्नाची आमच्या घरात दोन उत्तरं तयार होती. बाबांचं उत्तर रोह्याजवळच्या एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत होतं. तिथे त्यांच्या ओळखीचे एक साहेब होते आणि वनस्पतिशास्त्र शिकलेली मुलगीही चालेल, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. माझं उत्तर वर्तमानपत्राच्या एका कात्रणात होतं. मुंबईची एक संस्था पर्यावरण संवर्धनाचं काम शिकवण्यासाठी तरुण मुलामुलींना वर्षभर खेड्यात ठेवणार होती. राहायचं गावात, काम करायचं गावकऱ्यांबरोबर, आणि वर्षाअखेर ज्याचं काम उभं राहिलेलं दिसेल त्याला संस्था कायम करणार होती. नव्वदीची मधली वर्षं होती ती. 'पर्यावरण' हा शब्द तोपर्यंत शाळेच्या पुस्तकात येऊन पोहोचला होता, पण त्यावर कुणाचं पोट चालतं हे आमच्या आळीत कुणाला ठाऊक नव्हतं.

बाबा रोह्याच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. वेळापत्रकात नसलेल्या गाडीवर त्यांचा विश्वास नसे. ते म्हणाले, "एक वर्ष. दिवाळी ते दिवाळी. त्यांनी ठेवून घेतलं तर ठीक. नाहीतर कंपनीत जायचं, आणि तेव्हा तोंड वाकडं करायचं नाही." मी कबूल केलं. कंपनीत जायचं नाही, एवढं एकच मला त्या वयात पक्कं माहीत होतं. त्याऐवजी काय हवंय, ते तितकंसं पक्कं नव्हतं.

आमच्या भागात आम्ही दोघं होतो. दुसरा मुलगा खांब नावाच्या गावाला. तिथल्या डोंगराच्या उतारावर त्याने झाडं जगवून दाखवायची होती. मला मिळालं पेणच्या पुढे खाडीकाठचं एक गाव. हमरापूर, जोहे ओलांडून एसटी जिथे माघारी वळायची, तिथून बांधावरून चालत जायचं. माझं काम खारफुटी लावण्याचं होतं. बांधाबाहेरच्या चिखलात झाडं उभी राहिली की लाटांचा मार कमी होतो, बांध टिकतो, मासळी वाढते. हे सगळं मला पाठ होतं आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे.

राहण्याची सोय एका काकींच्या घरी झाली. काकी पंचेचाळिशीच्या. त्यांचे यजमान मिठागरावर कामाला असत. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी लग्न होऊन उरणकडे गेली होती. काकी एकट्याच शेत करायच्या. बोलायच्या बेताचं, आणि बोलल्या तर कामाचं. पहिल्याच आठवड्यात त्या मला शेतावर घेऊन गेल्या. बांधाला जिथे मोठं वळण होतं, त्याच्या आतल्या अंगाला त्यांचं शेत. कापणी झालेली होती. त्यांनी वाकून चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली, थुंकली आणि मला म्हणाल्या, "तूपन बघ गो."

मी बघितली. मातीची चव मातीसारखीच लागली.

"गोडी हाय," काकी म्हणाल्या. "चार सालांमागं खांड पडली व्हती हितं."

बांध फुटून पाणी आत घुसलं की त्याला तिथे खांड पडली म्हणतात. खाडीचं पाणी एकदा शेतात बसलं की त्यातलं मीठ पावसाने धुऊन निघायला तीन पावसाळे लागतात. तोवर भात रुजत नाही, रुजलंच तर पोचट निघतं. ती तीन वर्षं काकींनी मिठागरावर आणि दुसऱ्यांच्या शेतात राबून काढली होती. आता कुठे पहिल्यांदा त्यांची कणगी भरली होती. तांबूस, जाडा तांदूळ. त्या रोज रांधायच्या आधी तो ओंजळीत घेऊन वास घ्यायच्या. मला ते जरा जास्तच वाटायचं.

गाव भरती-ओहोटीवर चालायचं, आणि भरती-ओहोटी तिथीवर. संस्थेने मला छापील तक्ता दिला होता. काकींना तो लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊण म्हणजे सहा. अमावास्येला पंधराचे पाऊण म्हणजे सव्वाअकरा. आमची खाडी आत असल्याने त्यात आणखी पाऊण तास मिळवायचा. मी महिनाभर तक्त्याशी ताडून पाहिलं. काकींचा हिशेब कधी फारसा चुकला नाही. ही गोष्ट मी घरी गेल्यावर बाबांना सांगितली तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कामात रस दाखवला. ते म्हणाले, "आमच्या गाड्या अशा सुटत नाहीत."

बांधाची व्यवस्थाही गावाचीच होती. देखरेख एका म्हाताऱ्यांकडे, त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी बांधावरून हाळी घातली की घरटी एक माणूस फावडं नाहीतर घमेलं घेऊन हजर व्हायचा. बाई असो, बाप्या असो. न येण्याला आजारपण सोडलं तर कारण चालत नसे. ओहोटीत बाहेरचा चिखल ढेकळांनी कापायचा, माणसांची रांग करायची आणि ढेकूळ हातोहात बांधावर पोहोचवायचं. ओलं ढेकूळ ओल्या बांधाला बसतं, वाळलेली माती बसत नाही, म्हणून आधी साठवूनही ठेवता येत नाही. हे सगळं मी माझ्या वहीत 'पारंपरिक ज्ञान' या मथळ्याखाली सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं.

खारफुटीसाठी जागा मात्र मी स्वतः शोधली. वळणाला लागूनच बाहेरच्या बाजूला चिखलाचा एक लांबरुंद पट्टा होता. मऊ, सपाट, नवा गाळ बसलेला, त्यावर एक काडी नाही. आजूबाजूला कुठे तिवराची झुडपं होती, कुठे दगड. हा पट्टा तेवढा रिकामा. नकाशावर मी त्याभोवती हिरवी रेघ मारली आणि देवळात बैठक घेतली. "इथे झाडं लावली तर चालेल का?" असं मी विचारलं. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. आबा म्हणाले, "लावा की." बायका मागे बसल्या होत्या, त्यांना मी वेगळं विचारलं नाही. बैठकीच्या अहवालात 'सर्वानुमते' असा शब्द घातला.

वैशाखात संस्थेने आम्हा सगळ्यांना महिनाभर मुंबईला बोलावलं. विषय होता लोकसहभाग. नेमक्या त्याच महिन्यात गावाने पावसाळ्यापूर्वीची बांधाची डागडुजी उरकली. मी परत आले तेव्हा बांध नवा दिसत होता आणि माझा पट्टाही आणखी मऊ, आणखी गुळगुळीत झाला होता. मला आनंद झाला. जागा आपल्यासाठीच तयार होत आली आहे असं वाटलं.

ज्येष्ठात खाडीच्या तोंडाकडून होडीने कांदळाच्या, म्हणजे लावायच्या खारफुटीच्या, शेंगा आणल्या. हातभर लांब, हिरव्या. खालचं टोक चिखलात रोवायचं, बाकीची वर राहते आणि तिलाच पानं फुटतात. दोन दिवस अर्धं गाव माझ्याबरोबर गुडघाभर चिखलात होतं. बायका मला हसत होत्या, कारण मी दर चार पावलांनी रुतून बसत होते. काकींनी शेवटी माझ्या दंडाला धरून चालायला शिकवलं: टाच टेकायची नाही, पाऊल आडवं टाकायचं. शेंगा रांगेत उभ्या राहिल्या. मी फोटो काढले.

आषाढात एकदा खेकड्यांच्या बिळामुळे बांध थोडा पाझरायला लागला. पाच-सहाच ढेकळं लागणार होती. मी पाहिलं तर माणसं माझ्या रोपांच्या कडेकडेने पार पुढे, उघाडीच्या पलीकडे गेली आणि तिथून माती घेऊन आली. उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार. ती वळणापासून दीडशे-दोनशे पावलं तरी लांब. मी घरी येऊन काकींना विचारलं, "एवढ्या लांबून का आणली?"

"मग कुठून आनायची? हितली तर तू झाडं लावलीस."

"म्हणजे?"

"वळनाची माती आमी तिथूनच काढतो. साल दर साल. कापली का दोन उधानांत गाळ येऊन परत भरते. म्हनून तिथं काय रुजत नाय."

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. "मग बैठकीत बोलला का नाही कुणी?"

काकी वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू इचारलंस झाडं लावू का. तिथं तुमी काय करता, असं कुठं इचारलंस?"

त्या पट्ट्याकडे मी रिकामी जागा म्हणून पाहिलं होतं. ती गावाची खाण होती, दरवर्षी कापली जाणारी आणि दरवर्षी भरून येणारी. खरं तर त्याच आठवड्यात रोपं उपटून दुसरीकडे लावायला हवी होती. लागली असती, नसती, पण करायला हवं होतं. मी दोन दिवस विचार केला. रोपांना नुकती दोन-दोन पानं फुटली होती, हलवली असती तर अर्धी गेली असती, आणि गणपतीनंतर मुंबईची माणसं पाहणीला यायची होती. त्यांना दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. गावाला उघाडीपलीकडची माती आहेच की, असं मी स्वतःला समजावलं. वहीत याबद्दल काही लिहिलं नाही.

त्याच सुमारास खांबच्या मुलाचं पत्र आलं. त्याची झाडं मोकाट गुरांनी खाल्ली होती. गुरं गावचीच, कुंपण त्याचंच कच्चं, आणि हे सगळं त्याने अहवालात जसंच्या तसं लिहून टाकलं होतं. संस्थेचे साहेब नाराज आहेत असं कळतं, असं त्याने शेवटी लिहिलं होतं. मी पत्र वाचून त्याला धीराचं उत्तर पाठवलं. मनात मात्र बरं वाटलं. आता उरले मी एकटी.

श्रावणातल्या अमावास्येच्या सकाळी, पिठोरीच्या दिवशी, आबांची हाळी ऐकू आली. काकींबरोबर मीही घमेलं घेऊन धावले. रात्रीच्या उधाणाने वळणावर बांध आतून पोखरला होता. ओहोटी लागलेली, तरी आतल्या अंगाने पाणी झिरपत होतं आणि वरची माती हातभर खचली होती. दुपारी बाराला पुन्हा भरती. मधे पाच-सहा तास. एरवी तेवढ्यात काम सहज झालं असतं. पण गणपती चार दिवसांवर होते. गावातली धडधाकट माणसं, पोरी, सुना, सगळी जोह्याच्या आणि हमरापूरच्या गणपतींच्या कारखान्यांत रंगकामाला गेलेली. शेवटच्या आठवड्यात ती मुक्कामालाच तिकडे असत. बांधावर आम्ही अकरा जणं उभी होतो, त्यात चार म्हातारी.

बांधाच्या आत काकींचं शेत होतं. भात पोटऱ्यात आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात, गर्द हिरवं. बाहेर वीस पावलांवर माझी रोपं.

आबांनी एकदा बांधाकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे आणि मग माझ्याकडे. सगळे फावडी टेकून थांबले होते. आबा म्हणाले, "पोरी, तुझ्या रोपांतून घेऊ का माती?"

मला तो क्षण नीट आठवतो, कारण त्यात घाईगडबड अजिबात नव्हती. आबांनी विचारलं आणि ते थांबले. काकी माझ्या शेजारी होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, शेताकडेही बघत नव्हत्या. पदर कमरेला खोचत होत्या. मला प्रश्न समजला होता. उत्तरही माहीत होतं. त्याच वेळी डोक्यात पाहणीचा दिवस होता, खांबच्या मुलाचं पत्र होतं, कंपनीची प्रयोगशाळा होती.

मी म्हटलं, "आबा, उघाडीच्या पलीकडून नाही का होणार?"

आबा म्हणाले, "व्हईल की. लांब पडंल."

सगळे उघाडीकडे चालायला लागले.

अकरा माणसांची रांग तेवढ्या अंतराला पुरत नाही. रांग नाही म्हटल्यावर प्रत्येकाने घमेलं डोक्यावर घेऊन निसरड्या बांधावरून जायचं-यायचं. मी जीव तोडून माती वाहिली. हे लिहायला नको, कारण त्याने काही फरक पडला नाही, पण खोटंही नाही. दोनदा पडले. काकी माझ्या दुप्पट खेपा करत होत्या. दहाच्या सुमाराला पाणी चढायला लागलं. माझी रोपं एकेक करून पाण्याखाली गेली, भरतीत ती जातच असत. अकराला बांधाचा खचलेला भाग जेमतेम निम्मा भरला होता. आबा बोलून काही दाखवत नव्हते, फक्त त्यांची खेप घेऊन यायची चाल वाढली होती. उघाडीपलीकडचा काठ उंच होता, वीस पावलांवरची माती मात्र आता चार हात पाण्याखाली होती. मी हो म्हणायचं ठरवलं असतं तरी उशीर झाला होता.

बाराच्या आधीच खांड पडली. आधी हात जाईल एवढी, मग बैलगाडी जाईल एवढी. फार आवाज झाला नाही. गढूळ पाणी आत शिरलं, भाताच्या मुळांशी पसरलं, मग भात आडवं होत गेलं. आम्ही दोन्हीकडच्या शाबूत बांधावर उभी होतो. करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

काकी रडल्या नाहीत. त्यांनी फावडं आणि हात धुतले, आत शिरणाऱ्या त्याच पाण्यात धुतले, आणि घराकडे निघाल्या. थोडं पुढे जाऊन थांबल्या, मी मागे येतेय का ते बघितलं आणि म्हणाल्या, "चल गो. सकालपास्न काय खाल्लं नायस."

मला रडू आलं. ते मी आवरलं. रडायचा हक्क माझा नव्हता असं तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

संध्याकाळच्या ओहोटीला जोह्याहून माणसं आली. निरोप गेला होता. हातांना सोनेरी, गुलाबी रंग लागलेला, तसेच चिखलात उतरले. तेव्हा मी आबांकडे गेले आणि म्हटलं, "रोपांतून घ्या माती. सगळी काढा." त्यांनी मान हलवली. "आता कशाला? आता मानसं हायत, लांबनं आनतील. शेत तं गेलं. तुझी तरी राहू देत." माणसांची लांब रांग उघाडीपर्यंत लागली. ढेकळं हातोहात माझ्या रोपांना वळसा घालून आली आणि अंधार पडायच्या आत खांड बुजली. एक रोप मोडलं नाही.

गणपती आले आणि गेले. काकींच्या घरीही जोह्याहून आणलेली लहानशी मूर्ती होती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी धीर करून काकींना म्हटलं, "मी त्या दिवशी 'घ्या' म्हटलं असतं तर बांध राहिला असता."

"राहिला असता," काकी म्हणाल्या. त्यांनी माझं समाधान करायचा प्रयत्न केला नाही, हे मला बरं वाटलं.

"मग आबांनी मला विचारलं तरी कशाला? त्यांना तर कळत होतं. काढायची सरळ. तुम्ही तरी म्हणायचंत."

काकींनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "तू पावनी ना गो. पावन्याच्या वस्तूला न इचारता हात कसा लावायचा? गावातली असतीस तं कोनी इचारलंच नसतं."

त्याआधीच्या तिमाही अहवालात मी लिहिलं होतं की मी आता या गावाचीच झाले आहे. वाक्य मला आवडलं होतं, दोनदा वाचून पाठवलं होतं. दहा महिने मी त्यांच्या ताटात जेवले होते, त्यांच्या चिखलात उतरले होते, त्यांची पाऊणपट शिकले होते. आणि त्या सगळ्या काळात गाव माझ्याशी पाहुणीशी वागावं तसं अदबीने वागत होतं. बैठकीतलं 'लावा की'सुद्धा त्याच अदबीचं होतं.

पाहणीला मुंबईहून दोघं आले. रोपं मोजली, उंची मोजली, खूश झाले. त्यांतले एक साहेब चांगले होते, गावकऱ्यांशी बोलायची त्यांना आवड होती. त्यांनी काकींना विचारलं, "एवढं उधाण आलं, बांध फुटला, तरी रोपं कशी राहिली?"

काकी म्हणाल्या, "पोरीची झाडं हायत. आमी सांभाळली."

साहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं. मी शेजारी उभी होते. तिथे बोलता आलं असतं. नंतर अहवालात 'अडचणी' नावाचा रकाना होता, तिथेही लिहिता आलं असतं. खांबच्या मुलाने लिहिलं होतं. मी लिहिलं: 'श्रावण अमावास्येच्या उधाणात बांधाला वळणाजवळ खांड पडली. लगतच्या शेताचे नुकसान. रोपांना इजा नाही.' तिन्ही वाक्यं खरी होती. कोण काय म्हणालं ते त्यांत नव्हतं. असं लिहायची हातोटी मला तेव्हा साधली आणि पुढे नोकरीत फार उपयोगी पडली. हे लिहितानाही ती हाताशी आहेच, आणि तिचा मला कंटाळा आला आहे.

दिवाळीच्या आधी पत्र आलं. मला कायम केलं होतं. एसटीडी बूथवरून बाबांना फोन केला. ते म्हणाले, "वेळेवर पोहोचलीस म्हणायची." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

निघायच्या दिवशी मी सामान बांधत होते. काकी कणगीपाशी वाकल्या होत्या. त्यांनी तळाचे तांदूळ खरवडून एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधले आणि गाठोडं माझ्या पिशवीवर ठेवलं.

"काकी, हे नको. तुम्हाला लागतील."

"रिकाम्या हातानं कशी धाडू? आयेला दे. मागल्या सालचा हाय, गोड्या मातीतला." मग सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाल्या, "आता तीन सालं नाय."

मी गाठोडं परत द्यायला हवं होतं. पाहुणीने ते परत देणं म्हणजे काय, हे आता मला कळत होतं, म्हणून दिलं नाही. निदान मी कारण तरी तेच धरलं.

बांधावरून एसटीकडे जाताना वळण लागलं. आतल्या बाजूला काकींचं शेत होतं. त्यावर पांढरट साय आली होती. बाहेर कांदळाची रोपं गुडघ्याएवढी झाली होती, तकतकीत पानांची, सरळ रांगेत. मी खाली उतरले, शेतातली चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. या खेपेला चव लगेच कळली.

रोह्याला आईने दुसऱ्या दिवशी तो तांदूळ शिजवला, वालाचं बिरडं केलं. नोकरी लागल्याबद्दल गोड म्हणून खीरही होती. बाबांनी पहिला घास खाल्ला आणि विचारलं, "कुठला गं हा तांदूळ?"

"मी राहत होते त्या काकींचा."

"चव आहे. आणखी मागवता येईल का?"

मी म्हटलं, "नाही."

बाबांनी पुन्हा भात वाढून घेतला. मीही घेतला.